वानराचा तास

मन्मथप्पा गुरुजींशी बोलायचं तर आपले दोन्ही हात रिकामे पाहिजेत, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यांना काही सांगायचं असलं की हातात असेल ती वस्तू ते समोरच्याच्या हातात ठेवायचे आणि मगच तोंड उघडायचे. छत्री, डबा, हजेरीपट, काय वाट्टेल ते. एकदा भर रस्त्यात त्यांनी माझ्या हातात सायकल दिली आणि पोरांना 'नदी' कशी समजावावी ह्यावर पंधरा मिनिटं बोलले. मी नऊवारी नेसलेली, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात पुरुषमाणसाची सायकल. येणारे-जाणारे बघून हसत होते. अप्पांना त्याचं काही नाही. त्यांची नदी दोन्ही हातांतून वाहत होती.

"धरा हो बाई जरा," हे त्यांचं पेटंट वाक्य. मी लातूरच्या मूकबधिर शाळेत शिवणकामाची बाई होते. माझं मशीन व्हरांड्यात, दाराच्या तोंडाशी, म्हणजे येता-जाता सापडणारी मीच. नऊ वर्षांत त्या माणसाचं इतकं सामान मी धरलंय की स्टेशनवरचा हमालसुद्धा हात टेकेल.

अप्पा उदगीरचे. घर लिंगायत, व्यापारी, भाऊ आडतीवर बसलेले. हे एकटेच मास्तर झाले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढरा नेहरू शर्ट, आणि दोन्ही खिशांत भाजलेले शेंगदाणे. शर्ट धुतला तरी खिशाचा तेलकट डाग जायचा नाही. त्यांचे वडील जनावरांच्या बाजारातले दलाल होते. मुखेडपासून हाळीपर्यंतचा एक बाजार चुकवायचे नाहीत. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचा. भोवती शंभर माणूस उभं असलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. अप्पा लहानपणी बापाच्या मांडीवर बसून ती बोटं शिकले होते.

"आमच्या बापानं जल्मात तोंडानं भाव केला न्हाई," ते सांगायचे. "बाजार हातावर चालतो. आमचा देव बी तळहातावर बसतो, रोज सकाळी तिथंच त्याची पूजा. आन् ह्या लेकरांनी तेवढं हात मागं बांधून बसायचं?"

हे हात मागं बांधणं म्हणजे आमच्या शाळेचा पहिला नियम होता. बाहेरच्या माणसाला वाटेल, मूकबधिर शाळेत खुणा चालत असतील. छे. तेव्हा खुणांना बंदी होती. मुलांनी ओठ बघायचे आणि बोलायला शिकायचं. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'प' म्हणायचं, पट्टी हलली तर 'प' आला. गळ्याला बोटं लावून 'ब'. सहा-सहा महिने 'प' आणि 'ब'. खुणा करताना सापडलं की हातावर पट्टी. आमचे हेडसर नांदेडचे, हैदराबादेत प्रशिक्षण घेतलेले. वाईट माणूस नव्हे. ते म्हणायचे, "ही मुलं उद्या एसटीत बसणार, दवाखान्यात जाणार. कंडक्टरला यांचे हात कळणार आहेत का? बोलता आलं पाहिजे." मला ते पटायचं. तेव्हा पटायचं, हे आता सांगायला लाज वाटते, पण पटायचं.

पोरं अर्थातच वसतिगृहात, पाठ वळली की, भराभरा हातांनी बोलायची. त्यांची ती भाषा त्यांनीच बनवलेली. अप्पा संध्याकाळी खिडकीआड उभे राहून बघायचे आणि वहीत चित्रं काढून ठेवायचे. मास्तर विद्यार्थ्यांकडून चोरून शिकतोय, असा उलटा प्रकार.

फक्त एक पोरगी ह्या चोरट्या बोलण्यातही नव्हती. रेणुका, मुखेडची, नऊ वर्षांची. बाप लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. अख्खा तालुका त्याच्या क्लॅरिनेटवर नाचे आणि पोटच्या पोरीला सूर काय, ढोलही ऐकू येईना. घरी आजीनं तिचे हात सारखे दाबून ठेवलेले. लोक काय म्हणतील, पोरगी हातवारे करते, म्हणून. शाळेत आली ती हात मांड्यांखाली घेऊन बसायची. दोन वर्षं पहिलीतच काढली, तिसरं चालू होतं. कागदाची पट्टी कधी हलली नाही. हेडसरांनी शेवटी फायलीत लिहिलं, 'शिकण्यास असमर्थ', आणि बापाला पत्र पाठवलं की उन्हाळी सुट्टीला न्याल तेव्हा कायमची न्या. पत्राची नक्कल अप्पांनी वाचली. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात काहीच दिलं नाही, नुसते व्हरांड्यात बसून शेंगदाणे सोलत राहिले.

"काय झालं अप्पा?"

"काय न्हाई बाई. सुट्टीला किती दिवस हायत ते मोजून राहिलो."

लातूर नुकता जिल्हा झाला होता. उस्मानाबादचे खेटे संपले म्हणून लोकांनी फटाके फोडले, भाड्याच्या खोल्यांवर नव्या कचेऱ्यांच्या ताज्या पाट्या लागल्या. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला. जिल्हा आला, पाणी काही आलं नाही, असं लोक म्हणायचे. टँकर आला की घागरींची मारामारी. ओढे आटले तशी वानरं गावात घुसली. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वीस-पंचवीस वानरं आमच्या शाळेच्या हौदावर यायची. शिपाई काठी घेऊन धावायचा. हेडसर म्हणायचे, मुलांना पुरत नाही, वानरांना कुठून देऊ. अप्पांनी स्वतःच्या आंघोळीची बादली भिंतीवर ठेवायला सुरुवात केली आणि स्वतः तांब्याभर पाण्यात भागवलं. हे काय हो, असं विचारायचीही सोय नव्हती. भस्म लावलेला माणूस, त्याच्या आंघोळीची चौकशी कोण करणार?

ह्याच सुमाराला एका मिशनच्या दवाखान्यातून शाळेला जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा भेट आला. त्यात एक फोटो होता. एक गोरी बाई आणि तिच्यासमोर भलीमोठी काळी गोरिला, दोघींचे हात हवेत. अप्पांचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. शब्दकोश घेऊन दोन आठवडे त्या दोन पानांशी झटले आणि मग एका सकाळी माझ्या हातात हजेरीपट, छत्री, डबा तिन्ही ठेवून म्हणाले, "बाई, अमेरिकेत वानराला हातानं बोलाया शिकवून राहिलेत. पाणी मागतंय, फळ मागतंय. आन् त्याच्या हातावर कोणी पट्टी मारत न्हाई."

"मग?"

"मग काय. आपल्याकडं बी वानरं हायत की."

मला वाटलं, दुष्काळानं डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या दिवसापासून सुरू. रोज चार वाजता, शाळा सुटायच्या आधीचा खेळाचा तास. अप्पा हौदाच्या भिंतीसमोर उभे, भिंतीवर एक वानरीण. तिची शेपूट कुठंतरी अर्धी तुटलेली, म्हणून तिला बांडी म्हणायचं ठरलं. एक बोट आडवं धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या कडेनं कापल्यासारखं करायचं, ही बांडी. अंगठा ओठांकडं, हे पाणी. चिमटीनं सोलल्यासारखं केलं की शेंगदाणा. अप्पा एकेक खूण दहा-दहा वेळा, सावकाश, मोठी करून दाखवत. बांडी मान वाकडी करून त्यांच्या खिशाकडं बघे. मागं नेमाप्रमाणं सगळी पोरं रांगेत बसलेली, हात पाठीमागं, तोंडं बंद, आणि डोळे एवढे मोठे.

गावात व्हायचं ते झालं. अप्पांचं नाव 'वानरमास्तर' पडलं. चहाच्या हॉटेलात लोक त्यांना बघून वानरासारखं डोकं खाजवायचे. शनिवारी बाया नारळ घेऊन यायला लागल्या, की शाळेत मारुतराया बोलतो म्हणे. एका म्हातारीनं तर बांडीपुढं उदबत्ती लावली आणि बांडीनं ती पुडी पळवली. सगळ्यात जास्त मीच हसायचे. स्टाफरूममध्ये अप्पांची नक्कल करून दाखवायचे, खिशातून दाणे काढण्यासकट. अप्पा एकदा दारात उभे राहून ती नक्कल शेवटपर्यंत बघून गेले.

"बाई, 'पाणी' चुकलं तुमचं," एवढंच म्हणाले. "अंगठा सरळ पायजे."

हेडसरांनी त्यांना बोलावून घेतलं. मी रजिस्टर घेऊन तिथंच होते. सर म्हणाले, "अप्पा, शाळेत खुणांना बंदी आहे."

"हाव सर. लेकरांना."

"मग हे काय चाललंय?"

"मी लेकरांना एक खूण करत न्हाई, सर. वानराला करतो. वानरासाठी कुठं नियम हाय का, तेवढं दाखवा, लगेच बंद करतो."

हेडसरांनी खरोखर नियमावली काढली. नव्हता.

दोन महिन्यांत बांडी तोंडाला हात लावायला लागली. लावला की दाणा मिळायचा. मी चिडवत म्हटलं, "जमलं की अप्पा, आता अमेरिकेला कळवा." ते हसले नाहीत. म्हणाले, "मागाया शिकली बाई. मागणं कोणालाबी येतं, पोटाला आलं की. विचारत न्हाई ती. अजून एक सवाल केला न्हाई. सवाल करंल त्या दिवशी खरं." मला ते तेव्हा वानराबद्दलच वाटलं.

मार्च संपत आला. रेणुकाच्या बापाचं उत्तर आलं की लग्नसराई आहे, तरी अमुक तारखेला येऊन नेतो. आणि त्याच आठवड्यात नव्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कचेरीचे साहेब तपासणीला येतो म्हणाले. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. साहेबांना बोलणारं वानर बघायचं होतं. संस्थेचे अध्यक्ष चनबसप्पा शेठ हजर. ते मोठे आडत्ये, शिवाय जनावरांचे व्यापारी. हेडसरांनी व्हरांड्यात टेबलावर फायली लावून ठेवल्या, वरच रेणुकाची. पोरांना धुऊन-पुसून रांगेत बसवलं, हात मागं. आणि बांडी भिंतीवर आलीच नाही.

ती लिंबाच्या झाडावर, उंच फांदीवर, आमच्याकडं पाठ करून बसली होती. खाली फक्त तुटकी शेपूट दिसत होती. अप्पांनी बादली वाजवली, दाणे दाखवले. ढिम्म. साहेब घड्याळ बघायला लागले. शेठजी म्हणाले, "अप्पा, इज्जत घालवता का आमची?" इतके दिवस मी हसत होते, पण त्या माणसाला दहा लोकांसमोर हसं झालेलं बघायची माझी तयारी नव्हती.

तेवढ्यात रांगेतून रेणुका उठली. मांड्यांखालून हात काढले आणि सरळ अप्पांसमोर येऊन उभी राहिली. एक बोट आडवं, दुसरा हात कापल्यासारखा. बांडी. मग दोन्ही हातांचा पाळणा. मग केसांना हात लावून काळं, दोन बोटांत एवढंसं. छातीशी मूठ, थरथर. ती इतकी भराभरा करत होती की अप्पांनाच दमानं घे म्हणावं लागलं. आणि मग ती साहेबांकडं वळली, त्यांच्याकडं बोट केलं, पायांनी चालत आल्यासारखं दाखवलं, आणि तळहात उलटा करून हवेत थांबवला.

अप्पांनी टोपी काढली आणि माझ्या हातात दिली. त्यांचे डोळे भरलेले मी बघितले.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"म्हणते, बांडी बाळंत झाली. काळं पिल्लू हाय, लहान. इतकी माणसं बघून भ्याली."

"आणि शेवटी माझ्याकडं बघून काय?"

अप्पांनी हेडसरांकडं बघितलं. हेडसर पांढरेफटक.

"सांगा की."

"इचारून राहिली, साहेब. तुम्ही का आलात म्हणून."

साहेब तिच्यासमोर वाकले. मग, देव जाणे कुठून सुचलं, त्यांनी तोंडानं उत्तर दिलंच नाही. स्वतःच्या डोळ्याला बोट लावलं आणि झाडावर दाखवलं. बघायला. रेणुकानं नाही म्हणून मान हलवली. गालाखाली हात, डोळे मिटून. झोपलीय. मग हात पुढं भिरकावल्यासारखा. उद्या या. एवढे मोठे साहेब, त्यांनी मुकाट्यानं तोच हात तसाच पुढं भिरकावला. उद्या.

मग हेडसरांकडं वळून म्हणाले, "कितवीत आहे ही?"

"पहिलीत." हेडसरांनी घसा साफ केला. "तिसऱ्यांदा."

"नापास कशात होते?"

"बोलण्यात, साहेब."

साहेबांनी तिच्याकडं बोट केलं. "बोलली की आत्ता," ते म्हणाले.

हेडसर टेबलावरच्या फायलींकडं बघायला लागले. शेवटी शेठजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हेडसरांच्या हातावर टाकलं आणि खाली त्यांची बोटं धरली. "सर, हितं मी तुमाला अख्खी बैलजोडी इकू शकतो, तोंडातून शब्द न काढता. मुखेडच्या बाजारात आम्ही सगळे मुकेच असतो. पोरीला ऱ्हाऊ द्या." हेडसरांनी उपरण्याखालून हात काढून घेतला, टेबलावरची वरची फाईल उचलली, आणि आत नेऊन कपाटात सगळ्यात खाली ठेवली. मला वाटतं, त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

रेणुकाचा बाप ठरल्या दिवशी आला, क्लॅरिनेटची पेटी घेऊन, मुखेडहून थेट. अप्पांनी ती पेटी माझ्या हातात दिली आणि बापलेकीला हौदाकडं नेलं. काय बोलले माहीत नाही. परत आला तेव्हा बाप अंगठा ओठांकडं नेत होता, चुकत होता, आणि पोरगी त्याचा अंगठा सरळ करत होती. बाप सुट्टीपुरता तिला घेऊन गेला आणि जूनमध्ये परत आणून सोडली.

त्या जूनपासून शाळेच्या वेळापत्रकात चार ते पाच 'हस्तमुद्रा' असा तास आला. पोरं त्याला बांडीचीच खूण करायची, म्हणून आम्हीही म्हणायचो वानराचा तास. पहिल्या दिवशी हेडसर दारात उभे राहिले, सवयीनं हात पाठीमागं. पोरं एकमेकांना काहीतरी सांगून हसली. "काय म्हणतायत?" सरांनी विचारलं. अप्पा म्हणाले, "सर, ह्या तासाला हात मागं ठिवायचे न्हाईत, असं म्हणतायत."

एकदा मी त्यांना सरळच विचारलं. "खरं सांगा अप्पा, वानराला शिकवत होतात की पोरांना?"

"मी भिंतीकडं तोंड करून शिकवत हुतो, बाई. पाठीमागं कोण बसलंय ते मी कशाला बघू?" आणि खिशातले दाणे माझ्या हातावर ठेवले. "आन् बांडी शिकली असती तर काय वाईट झालं असतं का?"

अप्पा निवृत्त होऊन उदगीरला गेले, मग मुलाकडं आणखी कुठं. पुढं मीही निवृत्त झाले आणि नांदेडला माहेरच्या गावी राहायला आले. कित्येक वर्षांनी एका भर उन्हाळ्यात नांदेडच्या बसस्टँडवर कुणीतरी मागून म्हणालं, "धरा हो बाई जरा," आणि वळून बघते तर हातात छत्री आणि डबा आलेलासुद्धा. केस सगळे पांढरे, भस्म तेच, खिसा तसाच तेलकट. हदगावकडच्या एका गावात पाच वर्षांचं ऐकू न येणारं पोर आहे असं कळलं होतं, त्याच्याकडं निघाले होते. "त्याच्या घरचे त्याचे हात धरून ठिवतात म्हणं," ते म्हणाले आणि तिथंच मला त्या पोराचं घर, गोठा, आजी सगळं हवेत काढून दाखवलं. मला एक शब्द बोलायला मिळाला नाही. नेहमीचंच.

हदगावची बस लागली, गर्दी उसळली, आणि अप्पा त्या वयात त्या गर्दीतून आत घुसले. मी खाली, छत्री आणि डबा घेऊन. बस सुरू झाली, इंजिनाचा तो आवाज, खिडकीची काच बंद. मी ओरडले, "अप्पा, डबा!" कुठून ऐकू जाणार? काचेआडून त्यांनी माझ्याकडं बघितलं. डब्याकडं नव्हे. एका हाताचा पाळणा, मग दोन बोटं थरथरत ओठांशी, क्लॅरिनेट वाजवल्यासारखी. रेणुका. क्लॅरिनेटवाल्याचं लेकरू, शाळेत तिची खूण तीच होती. आणि मग तळहात उलटा करून हवेत थांबवला.

बस मागं घेऊन वळत होती. माझे दोन्ही हात भरलेले. नऊ वर्षं ज्यांचं सामान धरलं त्यांचंच सामान मी तिथं स्टँडच्या धुळीत खाली ठेवलं, आणि दोन्ही हात वर केले. रेणुका. शाळेत आहे. आपल्याच. वानराचा तास आता तीच घेते. हात पाठीमागं ठेवले की ती पोरांना रागावते.

कळलं की नाही, ह्या चिंतेत असताना त्यांनी काचेवर बोट टेकवलं, मग अंगठा सरळ करून दाखवला. अंगठा सरळ होता माझा, ह्या खेपेला. बस गेटातून बाहेर पडेपर्यंत ते हसत होते.

ती शेवटची भेट. छत्री अजून माझ्या दाराशी टांगलेली आहे.